लेझर आयसीपी-एमएसचा सिग्नल पडलाय किंवा उड्या मारतोय? ट्यूनिंगला हात लावायच्या आधी हे बघा

"काल मस्त चालत होतं, आज निस्ट ६१२ वर सिग्नल निम्माच येतोय, काय करू?" हा प्रश्न मला इतक्या जणांनी इतक्या वेळा विचारलाय आणि हे दुखणं मी स्वतः इतक्यांदा निस्तरलंय की आता बघायचा क्रम ठरून गेलाय, तोच इथे सविस्तर लिहितेय. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी दोन ओळीत लेझर आयसीपी-एमएस म्हणजे काय: दगड, खनिज, काच, धातू असा घन नमुना ॲसिडमध्ये न विरघळवता त्याच्यावर थेट लेझर मारायचा, उडालेली अतिशय बारीक पूड हेलियमच्या प्रवाहातून न्यायची, वाटेत त्यात आर्गॉन मिसळायचा आणि ते सगळं प्लाझ्मात सोडायचं, तिथे साधारण ६००० ते ८००० केल्विनला त्याचे आयन होतात आणि मास स्पेक्ट्रोमीटर ते वजनाप्रमाणे मोजतो, त्या मोजणीचे आकडे म्हणजे काउंट. निस्ट ६१२ ही मूलद्रव्यांचं प्रमाण माहीत असलेली स्टँडर्ड काच, तिच्यावर मशीन तपासतात. आमच्याकडे मास स्पेक क्वाड्रुपोल आहे, लेझर आधी २१३ नॅनोमीटरचा एनडी-याग होता आणि आता १९३ चा एक्सायमर आहे, त्यामुळे दोन्हीच्या तऱ्हा सांगते.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते कारण बाकी सगळं तिच्यावर उभं आहे. सिग्नल पडला की बहुतेक जण पहिल्यांदा ट्यूनिंगची खिडकी उघडतात, आर्गॉन थोडा वाढवतात, लेन्सचे व्होल्टेज फिरवतात, लेझरची एनर्जी वाढवतात, आणि काउंट वर आले की खुश होऊन रन लावतात. तसं करू नका. आकडा वर येतो पण बिघाड तिथेच राहतो, वर तुम्ही मशीनची नेहमीची स्थिती पण हलवून बसता आणि मग पुढच्याला काही म्हणजे काही कळत नाही. आधी बिघाड कुठल्या भागात आहे ते ठरवा: लेझर आणि सेल (नमुना ठेवायची बंद पेटी), मधली नळी, की प्लाझ्मापासून पुढचं मास स्पेक. हे ठरवायला अर्धा तास पुरतो आणि पैसा एक लागत नाही.

लक्षणं

सगळ्यांचं दुखणं एकसारखं नसतं, म्हणून नुसतं "सिग्नल कमी आहे" असं म्हणू नका, नीट बघून खालच्यापैकी काय होतंय ते लिहून काढा.

- लिथियमपासून युरेनियमपर्यंत सगळं सारख्याच प्रमाणात पडलंय
- हलकी मूलद्रव्यं पडलीत पण जड ठीक आहेत, किंवा उलटं
- सिग्नलची सरासरी ठीक आहे पण मध्येच टोकदार उड्या येतात
- लेझर बंद असताना सुद्धा बॅकग्राउंड वाढलंय, खासकरून मास २९, ५४, ५६ किंवा २०२ वर
- लेझर सुरू केल्यावर सिग्नल हळूहळू चढतो आणि बंद केल्यावर रेंगाळत उतरतो
- युरेनियम-थोरियमचं प्रमाण १ च्या आसपास यायला हवं, ते येत नाहीये, किंवा थोरियम ऑक्साइड वाढलंय
- सॅम्पल बदललं की प्लाझ्मा फडफडतो किंवा विझतोच
- सकाळी ठीक, दुपारपर्यंत सरकत सरकत खाली

युरेनियम-थोरियमचं असं आहे की निस्ट ६१२ काचेत दोन्ही जवळजवळ सारखे, ३७-३८ पीपीएम आहेत, म्हणून २३८ आणि २३२ चे काउंट पण जवळपास सारखे यायला पाहिजेत. नाही आले तर एक तर पुडीची प्लाझ्मात पूर्ण वाफ होत नाहीये किंवा ऑक्साइड जास्त बनतायत. नुसत्या काउंटपेक्षा ह्या प्रमाणावर माझा जास्त विश्वास आहे.

आणि हो, हे सगळं ज्याच्याशी ताडायचं ती नेहमीची आकडेवारी तुमच्याकडे लिहिलेली हवी. रोज सकाळी निस्ट ६१२ वर तोच स्पॉट साइज, तीच फ्रीक्वेन्सी, तीच एनर्जी ठेवून सात-आठ मास, यू/टीएच (युरेनियम-थोरियमचं प्रमाण), ऑक्साइडचं प्रमाण, गॅस फ्लो आणि इंटरफेसचं (प्लाझ्मा आणि मास स्पेकच्या मधल्या भागाचं) प्रेशर लॉगबुकात टाकायचं. "परवा चांगलं होतं" ह्यावरून निदान होत नाही.

आधी अर्धं अर्धं करा

लेझर बंद ठेवा, प्लाझ्मा आणि गॅस नेहमीसारखा चालू, आणि फक्त गॅस बॅकग्राउंड बघा. मास ८० वर दोन आर्गॉन चिकटलेले दिसतात. गॅस फ्लो नेहमीचेच असतील आणि ८० चे काउंट पण नेहमीएवढे असतील तर प्लाझ्मा, कोन (प्लाझ्मातले आयन आत घेणारं, बारीक भोक असलेलं धातूचं टोक), लेन्स आणि डिटेक्टर ही सगळी साखळी बहुतेक ठीक आहे, म्हणजे दोष अलीकडे, लेझर, सेल किंवा नळीत. ८० पण पडलं असेल तर मास स्पेकच्या बाजूला बघा. मग ५४ बघा, तिथे आर्गॉन आणि नायट्रोजनची जोडी येते. ५४ वाढलं तर कुठूनतरी हवा आत शिरतेय. ५६ वर आर्गॉन-ऑक्सिजन, तो पण हवेनी आणि ओलाव्यानी वाढतो.

दुसरा साक्षीदार म्हणजे क्रेटर, म्हणजे लेझरने पाडलेला खड्डा. निस्टवर एक स्पॉट मारा आणि कॅमेऱ्यात नीट बघा. कडा स्वच्छ, गोल, आकार मागितला तेवढा, खोली नेहमीसारखी असेल तर लेझरने आपलं काम केलंय, माल उडालाय, तो वाटेत हरवतोय किंवा पुढे मोजला जात नाहीये. १९३ वर मध्यम एनर्जी ठेवली तर काचेत दर पल्सला ढोबळमानाने ०.१ मायक्रॉन खोली जाते, म्हणजे ५ हर्ट्झने एक मिनिट मारलं तर ३०० पल्समध्ये ३० मायक्रॉनच्या आसपास खड्डा पडायला हवा. खड्डा उथळ, पुसट किंवा एका बाजूला कललेला दिसला तर लेझरची एनर्जी, फोकस किंवा खिडकी. खड्ड्याभोवती पांढुरक्या पुडीचं जाड कडं दिसलं तर सेलमध्ये हेलियम पोचत नाहीये हे जवळजवळ नक्की, कारण हेलियममध्ये उडालेला माल उचलला जाऊन पुढे जातो आणि नुसत्या आर्गॉनमध्ये त्यातला बराचसा तिथेच खड्ड्याच्या काठावर बसतो.

८०, ५४ आणि क्रेटर, ह्या तीन गोष्टी बघितल्या की पुढचा अर्धा गोंधळ संपतो.

फुकटातले चेक

पहिलं, सेटिंग वाचा. खरंच वाचा, आठवणीवर जाऊ नका. आधीच्या स्लॉटवाल्याने स्पॉट ५० वरून ३५ मायक्रॉन केला असेल तर क्षेत्रफळ निम्मं होतं, म्हणजे सिग्नल पण निम्मा, आणि मशीनमध्ये काहीही बिघडलेलं नसतं. फ्रीक्वेन्सी, एनर्जीचा टक्का, डीफोकस, ड्वेल टाइम, मासची यादी, आणि सेलचा व्हॉल्व बायपासवर (गॅस सेलमधून न जाता बाहेरून वळतो) तर राहिला नाही ना, हे सगळं बघा. बायपासवर असेल तर लेझर मस्त खड्डा पाडतो, आवाज येतो, सगळं छान दिसतं आणि सिग्नल शून्य.

दुसरं, गॅस. हेलियमच्या सिलिंडरचं प्रेशर बघा, फ्लो कंट्रोलरवर मागितलेला आणि प्रत्यक्षातला आकडा दोन्ही बघा. आर्गॉन ड्युरा सिलिंडरमधून येत असेल तर शेवटच्या टप्प्यात प्रेशर खालीवर होतं आणि त्याच्याबरोबर सिग्नल पण, म्हणून संपत आलेल्या सिलिंडरवर लांब रन लावू नका. सिलिंडर नवा जोडला आणि त्याच दिवसापासून २०२ वाढलं तर गॅसमध्ये पारा आहे. शिसं मोजणाऱ्यांना हे फार नडतं कारण २०४ वर पारा आणि शिसं दोन्ही येतात. शक्य असेल तर जुना सिलिंडर परत लावून बघा, फरक लगेच दिसतो, आणि गॅस लाइनवर ॲक्टिव्हेटेड चारकोलचा फिल्टर बसवून घ्या.

तिसरं, फोकस आणि पृष्ठभाग. माउंट (नमुने बसवलेली चकती) तिरका बसला असेल तर एका टोकाला फोकस बरोबर आणि दुसऱ्या टोकाला नाही, म्हणून माउंटच्या चारी बाजूंना जाऊन फोकस तपासा. जुन्या क्रेटरच्या काठावर नवीन स्पॉट टाकू नका, तिथे आधीच्या सॅम्पलची पूड बसलेली असते. एसईएममधून (इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपमधून) आलेल्या माउंटवर कार्बन कोटिंग असतं, ते काढून टाका किंवा निदान खऱ्या मोजणीच्या आधी एक-दोन पल्स मारून जागा साफ करा.

हवेची गळती, बहुतेक वेळा इथेच सापडते

माझ्या अनुभवात सॅम्पल बदलल्यावर सुरू झालेला प्रॉब्लेम दहातल्या बहुतेक वेळा सेलच्या दारात किंवा नळीच्या जोडात असतो. दाराची ओ-रिंग कुकरच्या रिंगसारखीच, एक केस किंवा एपॉक्सीचा एक कण अडकला तरी सील जातं. रिंग काढा, लिंट नसलेल्या कापडाने पुसा, बोटाने फिरवून चीर, चपटेपणा बघा, खाच पण पुसा, परत बसवा. ग्रीस लावायचं असेल तर मॅन्युअलमध्ये सांगितलंय तेच आणि अगदी नावापुरतं, कारण ग्रीसमधला सिलिकॉन तुमच्या सिलिकॉनच्या बॅकग्राउंडमध्ये येऊन बसेल.

गळती सेलमध्ये की बाहेर हे कळायला सोपी युक्ती आहे. ५४ लाइव्ह बघत राहा आणि सेल बायपासला टाका. बायपासवर ५४ खाली आलं तर गळती सेलमध्ये, तसंच राहिलं तर सेलच्या पुढे, नळी, वाय-जोड किंवा टॉर्चच्या (प्लाझ्मा जिच्यात पेटतो त्या क्वार्ट्झच्या नळीच्या) सांध्यात. मग एकेक जोड हाताने हलके दाबत जा, जिथे दाबल्यावर आकडा हलतो तो जोड. अजून पक्कं करायचं असेल तर बारीक नळीने त्या जोडाभोवती थोडा आर्गॉन सोडा, आत शिरणाऱ्या हवेच्या जागी आर्गॉन शिरला की ५४ पडतं. साबणाचं पाणी मात्र ह्या लाइनवर अजिबात लावू नका. घरच्या गॅस सिलिंडरला ते ठीक आहे, इथे ते आत ओढलं गेलं तर सोडियम, पोटॅशियम, बोरॉन दिवसेंदिवस दिसत राहतील.

काही वेळा गळती नसते, हवा सॅम्पलमधूनच येत असते. दाबून केलेल्या पावडरच्या गोळ्या, भेगाळलेले दगड, बुडबुडे राहिलेली एपॉक्सी, ही सगळी हवा धरून ठेवतात आणि हळूहळू सोडतात. दार बंद केल्यावर ठरावीक मिनिटं मोजण्यापेक्षा ५४ ची रेघ सपाट होईपर्यंत थांबा. साधा पॉलिश केलेला माउंट लवकर सपाट होतो, गोळ्यांना कधी कधी कितीतरी जास्त वेळ लागतो. पर्ज न करता (गॅस सोडून आतली हवा न घालवता) सेल सरळ लाइनवर घेतला तर हवेचा गोळा प्लाझ्मात जातो आणि प्लाझ्मा विझतो, सॅम्पल बदलल्यावर प्लाझ्मा जायचं सगळ्यात मोठं कारण हेच.

कोकणपट्टीत किंवा मुंबईत लॅब असेल तर पावसाळ्यात ह्याच्यात ओलाव्याची भर पडते. ओल्या गोळ्या सेलमध्ये गेल्या की पाणी प्लाझ्मात जातं आणि थोरियम ऑक्साइड वर चढतं. गोळ्या डेसिकेटरमध्ये ठेवा आणि थेट तिथूनच सेलमध्ये टाका. रात्री एसी बंद करून सकाळी लावायची सवय असेल तर ती पण मोडा, लेझरच्या ऑप्टिक्सवर दव धरणं परवडणार नाही, आणि तापमान हललं की दिवसभर सिग्नल सरकत राहतो ते वेगळंच.

नळी

सेलपासून टॉर्चपर्यंतची नळी ही सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित वस्तू. आत हळूहळू पुडीचा थर बसतो. लेझर बंद, गॅस चालू, बॅकग्राउंड लाइव्ह, आणि नळीला बोटाने हलकी टिचकी मारा. काउंट उडाले तर नळीत माल साठलाय. धुऊन परत वापरायच्या भानगडीत मी पडत नाही, नवीन तुकडा कापते, शक्य तितका आखूड, कुठेही तीव्र वळण नाही. ओली नळी बसवलीत तर दिवसभर ऑक्साइड भोगाल. सल्फाइड खनिजांवर काम झालं असेल तर शिसं, सोनं, चांदी ह्यांची आठवण नळीत राहते, म्हणून सल्फाइडची नळी वेगळी आणि सिलिकेटची वेगळी ठेवा, दोन्हीवर चिकटपट्टी लावून नाव लिहा.

सिग्नल हळू चढणं आणि रेंगाळत उतरणं हे पण इथलंच. नळी लांब, मध्ये एखादी पोकळी किंवा सेलमध्ये गॅसचा प्रवाह जिथे पोचत नाही अशा कोपऱ्यात सॅम्पल, तर पूड घोळत राहते.

उड्यांचं वेगळं बघावं लागतं

टोकदार उड्या दिसल्या की लगेच मशीनला दोष देऊ नका, आधी निस्टवर जा. निस्टवर रेघ गुळगुळीत आणि फक्त तुमच्या सॅम्पलवर उड्या, तर मशीन चांगलं आहे, सॅम्पलच तसं आहे. त्यात पण दोन प्रकार. एकाच मूलद्रव्यावर किंवा नात्यातल्या दोन-तिघांवर उडी आली, उदाहरणार्थ झिर्कोनियम आणि हाफ्नियम एकदम वर, तर लेझरला आत दडलेला झिरकॉनचा कण लागलाय. दख्खनच्या बेसॉल्टमधल्या प्लॅजिओक्लेजवर काम करणाऱ्यांना टायटॅनियम आणि लोहाच्या उड्या दिसतील, ते आतले लोह-टायटॅनियम ऑक्साइडचे बारीक कण. ह्यात दुरुस्त करण्यासारखं काही नाही, डेटा रिडक्शनच्या वेळी तेवढा तुकडा सोडून द्यायचा किंवा जागा बदलायची.

सगळ्या मासवर एकाच क्षणी उडी आली तर मोठा कण प्लाझ्मात गेलाय, तो नळीतून सुटलेला असेल किंवा सॅम्पलचा ढलपा उडालेला असेल. क्वार्ट्झ आणि कॅल्साइट हे पारदर्शक असल्याने प्रकाश नीट शोषत नाहीत, लेझर खड्डा कोरण्याऐवजी तुकडा उडवतो. ॲलन ग्रे यांनी १९८५ मध्ये पहिल्यांदा लेझर आयसीपी-एमएसला जोडला तेव्हा रुबी लेझर होता, नंतर १०६४ चा इन्फ्रारेड आला, मग लोक २६६, २१३ आणि १९३ असे कमी कमी तरंगलांबीकडे सरकत गेले त्याचं एक मोठं कारण हे पारदर्शक पदार्थच आहेत. २१३ वर क्वार्ट्झ करायचाच असेल तर ढलपे उडतायत का ते कॅमेऱ्यात बघत राहा.

आणि उड्या नसून एकसारखी लाट दिसत असेल, वर-खाली-वर-खाली ठरावीक अंतराने, तर तो बहुतेक बिघाड नाहीच. वॉशआउट (पूड सेलमधून बाहेर पडणं) फार जलद असलेला सेल आणि १-२ हर्ट्झची फ्रीक्वेन्सी असली की प्रत्येक पल्स वेगळी दिसते आणि क्वाड्रुपोलच्या स्वीपशी तिचा मेळ बसत नाही. फ्रीक्वेन्सी वाढवा, किंवा नळीत सिग्नल गुळगुळीत करणारा स्मूदर बसवा. लाट गेली तर काम झालं.

कोन आणि टॉर्च

आता प्लाझ्मा बंद करावा लागणार, म्हणून हे इतक्या उशिरा. बंद करायच्या आधी इंटरफेसचं प्रेशर लिहून घ्या. नेहमीपेक्षा कमी असेल तर सॅम्पलर कोनचं भोक अरुंद झालंय, जास्त असेल तर भोक झिजून मोठं झालंय किंवा कोनच्या मागची गास्केट नीट बसलेली नाही. सॅम्पलरचं भोक साधारण १ मिलिमीटर असतं आणि स्किमरचं त्याहून लहान, त्यामुळे थोडासा थर सुद्धा फरक पाडतो. ८० पडलंय आणि प्रेशर पण हललंय असं दोन्ही असेल तर कोनवर संशय पक्का.

कोन काढून उजेडासमोर धरा, भिंगातून बघा, भोक गोल आहे का, कडा खडबडीत आहे का. साफ करताना कोमट पाण्यात सिट्रानॉक्स ह्या क्लीनरचं २ टक्के द्रावण, थोडी मिनिटं सोनिकेटर, मग डीआयोनाइज्ड पाण्याने भरपूर धुऊन वाळवायचं. निकेलचा कोन कडक नायट्रिक ॲसिडमध्ये बुडवून ठेवू नका, धातूच खाल्ला जातो. भोकात तार, सुई, टूथपिक काहीही घालू नका, कडेला एक ओरखडा पडला की तो कोन गेला, आणि कोन स्वस्त नसतात, प्लॅटिनमचे तर बिलकूल नाहीत.

साफ केलेला कोन बसवल्यावर सुरुवातीला सिग्नल सरकत राहतो, त्याला घाबरू नका. निस्ट ६१० (६१२ सारखीच दुसरी स्टँडर्ड काच) वर रास्टर लावून, म्हणजे लेझर ओळीओळीने फिरवत, अर्धा-पाऊण तास चालू द्या, कोनवर पातळ थर बसला की स्थिर होतो. म्हणूनच सिग्नल स्थिर असताना केवळ स्वच्छतेच्या हौसेने कोन काढू नका. टॉर्च काढलीच आहे तर इंजेक्टरच्या टोकावरचा थर बघा, आणि क्वार्ट्झ पांढुरकं, खरखरीत झालं असेल तर टॉर्च बदला.

आता ट्यूनिंग

इतकं झाल्यावर ट्यूनिंग करायला हरकत नाही, आणि तेव्हा ते लवकर पण होतं. हेलियम आहे तसा ठेवा, मिसळणारा आर्गॉन ०.०५ लिटर प्रति मिनिटाच्या पायरीने बदला, प्रत्येक पायरीला यू/टीएच आणि थोरियम ऑक्साइड बघा. आम्ही ऑक्साइड ०.५ टक्क्याच्या खाली आणि यू/टीएच १ च्या शक्य तितकं जवळ ठेवतो. आर्गॉन वाढवत गेलात तर काउंट वाढतात, मोह होतो, पण एका टप्प्यानंतर प्लाझ्मा थंड होत जातो, ऑक्साइड वाढतात आणि यू/टीएच हलतं. तिथे मिळालेला जास्तीचा सिग्नल काही कामाचा नसतो, मागे या. त्यानंतर टॉर्चची जागा, मग लेन्स. हलकी-जड असा कल राहिला असेल तर तो बहुतेक ह्याच दोन-तीन गोष्टींत सुटतो, नाही सुटला तर मास कॅलिब्रेशन.

क्रेटरने लेझरकडे बोट दाखवलं असेल तर

सेलची खिडकी आतून बघा, पुडीचा धूसर थर असतो. मॅन्युअलप्रमाणे लेन्स टिश्यू आणि मेथॅनॉल, एका टिश्यूने एकच पुसणं, घासायचं नाही. हे करताना लेझर पूर्ण बंद, चावी काढून खिशात.

१९३ वाल्यांनी नायट्रोजन पर्ज बघावा. हवेतला ऑक्सिजन १९३ चा प्रकाश शोषतो, म्हणून बीमचा मार्ग नायट्रोजनने भरलेला असतो. नायट्रोजन संपला तर लेझरच्या तोंडाशी एनर्जी बरोबर दाखवतो आणि सॅम्पलपर्यंत कमी पोचते, आणि माणूस दिवसभर दुसरीकडेच शोधत बसतो. तेवढीच एनर्जी मिळवायला हाय व्होल्टेज दर आठवड्याला वाढत चाललं असेल तर लेझरचा गॅस म्हातारा झालाय, रीफिल लागणार. २१३ च्या एनडी-यागला गरम व्हायला वेळ द्या, हार्मोनिक क्रिस्टल तापमानाला हळवे असतात, आणि फ्लॅशलॅम्पचे शॉट किती झाले ते सॉफ्टवेअरमध्ये बघा, लॅम्प संपत आला की एनर्जी पल्सगणिक हलते.

डिटेक्टर सगळ्यात शेवटी. ट्रेस मूलद्रव्यं बरोबर येतायत आणि सिलिकॉन, कॅल्शियम असे जास्त काउंटवाले मात्र चुकतायत, तर पल्स-ॲनालॉगचं (कमी आणि जास्त काउंट मोजायच्या डिटेक्टरच्या दोन पद्धतींचं) क्रॉस कॅलिब्रेशन परत करा, बहुतेक तेवढ्यावर भागतं. व्होल्टेज वाढवून सिग्नल मिळवत राहिलात तर डिटेक्टरचं आयुष्य कमी करताय.

इथे थांबा आणि इंजिनिअरला बोलवा

लेझरचं कव्हर उघडायचं नाही आणि इंटरलॉक बायपास करायचा नाही, कोणी कितीही सांगो. बाहेरून क्लास १ दिसणाऱ्या पेटीत आत क्लास ४ चा लेझर असतो, यूव्ही दिसत नाही आणि डोळ्याला झालेली इजा भरून येईलच असं नाही. आरसे, बीम अलाइनमेंट, फ्लॅशलॅम्प, हे प्रशिक्षित माणसाचं काम. एक्सायमरच्या गॅसमध्ये फ्लोरिन असतं, टक्क्याहून कमी असला तरी फ्लोरिन तो फ्लोरिनच, झोंबणारा वास आला की खोली रिकामी करा, सेफ्टी ऑफिसरला कळवा आणि मगच बाकीचं. आरएफ जनरेटर, टर्बो पंपचा बदललेला आवाज, व्हॅक्यूम खाली न येणं, डिटेक्टर बदलणं, ह्यालाही हात लावू नका. आणि वरचा सगळा क्रम दोनदा करून पण ८० पडलेलंच असेल तर तिसऱ्यांदा करत बसू नका.

एएमसी (देखभालीचा वार्षिक करार) नसेल तर एका व्हिजिटचा खर्च लॅबला जाणवतो, म्हणून फोन करण्याआधी हे पाठवा: चांगल्या दिवसाची आणि आजची निस्ट ६१२ ची आकडेवारी, ८० आणि ५४ चं बॅकग्राउंड, बायपासवर आणि सेलवर असं दोन्ही, क्रेटरचा फोटो, इंटरफेसचं प्रेशर, लेझरची एनर्जी आणि काय काय करून झालंय ते. एवढं हातात असलं की इंजिनिअर बरोबर पार्ट घेऊन येतो, नाहीतर पहिली व्हिजिट नुसती बघण्यात जाते.

बिघाड असताना घेतलेला डेटा ठेवायचा का

हा प्रश्न विद्यार्थी सगळ्यात काकुळतीने विचारतात, कारण स्लॉट परत कधी मिळेल सांगता येत नाही. सिग्नल सगळ्या मासवर सारखा पडला असेल, यू/टीएच आणि ऑक्साइड हललेले नसतील, आणि आधी-नंतरचे स्टँडर्ड एकमेकांशी जुळत असतील तर इंटर्नल स्टँडर्डने (नमुन्यातल्या ज्या मूलद्रव्याचं प्रमाण आधीच माहीत असतं त्याने) तो फरक भरून निघतो, फक्त डिटेक्शन लिमिट वाईट होईल, कमी प्रमाणातली मूलद्रव्यं सोडून द्यावी लागतील. दोन स्टँडर्डच्या मध्ये कुठेतरी यू/टीएच सरकलं असेल तर तेवढा भाग परत करावाच लागेल. आणि हवेची गळती होती असं निघालं तर जास्त सावध राहा, कारण आपण बरेचदा सिलिकॉन २९ इंटर्नल स्टँडर्ड धरतो आणि नायट्रोजनचे आयन नेमके २९ वर पण येतात. बॅकग्राउंड सपाट असेल तर ते वजा होतं, पण स्पॉट चालू असताना गळती बदलत असेल तर ज्याच्या आधाराने बाकी सगळं मोजलं तेच चुकलेलं असतं. अशा वेळी बीएचव्हीओ-२जी किंवा बीसीआर-२जी ही माहीत मूल्यांची काच त्या रनमध्ये अननोन म्हणून, म्हणजे नमुन्यासारखी, मारलेली होती का ते बघा. होती आणि तिची मूल्यं नेहमीच्या त्रुटीत आली तर डेटा ठेवा, नाही आली किंवा मारलेलीच नसेल तर तो रन बाजूला ठेवून नवीन स्लॉट मागा, आणि दुरुस्तीनंतरच्या पहिल्या रनमध्ये ती काच सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी अशी तीनदा टाका.